मामा, आत माणूस आहे! : सत्तर वर्षांचा गोजिरा अजून का चालतो

गेल्या दिवाळीत भाचा चार दिवस राहायला आला होता. वय वर्षं अकरा, हॉलिवूडचे सगळे सुपरहिरो तोंडपाठ. फराळाचं ताट मांडीवर देऊन त्याला १९५४चा मूळ जपानी 'गोजिरा' दाखवायला बसवलं. गोजिरा म्हणजे इंग्रजीतला गॉडझिला, समुद्रातून येणारा महाकाय प्राणी. कृष्णधवल आहे म्हटल्यावर त्यानं नाक मुरडलं, पण चकल्या होत्या म्हणून बसला. गोजिरा समुद्रातून टोकियोत चढतो, रेल्वेच्या रुळांवर पाय टाकतो, डबा तोंडात उचलतो, तिथं हा फिस्सकन हसला. "मामा, आत माणूस आहे!"

आहेच. कबूल. रबराच्या पोशाखात घामाघूम झालेला एक माणूस पुठ्ठ्या-प्लास्टरची घरं पाडतोय, हे अकरा वर्षांच्या पोराला जसं दिसतं तसंच १९५४ साली जपानी प्रेक्षकांनाही दिसत होतं. तरी जपानात या चित्रपटाची ९६ लाख तिकिटं खपली. त्यानंतर तीसहून अधिक चित्रपट निघाले आणि २०२४ मध्ये याच मालिकेतल्या एका चित्रपटानं ऑस्कर नेलं. म्हणजे 'आत माणूस आहे' हे कळल्यानं काही बिघडत नाही. का बिघडत नाही, ते भाच्याला सांगता सांगता मलाही जरा नीट कळलं.

आधी तो आतला माणूस. त्याचं नाव हारुओ नाकाजिमा. त्याच वर्षी 'गोजिरा' काढणाऱ्या तोहो स्टुडिओचा दुसरा मोठा चित्रपट आला होता, दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय'. त्यात हा एक दरोडेखोर होता. पटकन लक्षातही येणार नाही इतकं छोटं काम. मग त्याला गोजिराच्या पोटात शिरायला सांगितलं. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा. तो घालून धड चालता येईना, म्हणून हलका दुसरा केला. हलका म्हणजे त्या मानानं. उतरवला की आतून घाम ओतून काढावा लागे. नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं चालताना बघत बसायचा. वजनदार जनावर पाऊल कसं टाकतं, मान कधी वळवतं, हे त्यानं तिथं टिपलं. १९७२ पर्यंत त्यानं बारा चित्रपटांत गोजिरा केला. गोजिरा म्हणून त्याचा चेहरा कधीच दिसला नाही, पण चालीवरून जाणकार त्याला ओळखतात.

पोशाखाची कल्पना कुणाची हौस नव्हती, नाइलाज होता. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख एइजी त्सुबुराया १९३३च्या 'किंग काँग'वर लट्टू होते. त्यातला काँग म्हणजे छोटी बाहुली. ती केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा केसभर हलवायची. त्सुबुरायांना गोजिराही तसाच करायचा होता. पण हिशेब केला तर त्या पद्धतीनं सात वर्षं लागतील असं निघालं आणि हातात होते काही महिने. मग माणूसच आत घातला. जपानी सिनेमात पुढं या सगळ्या करामतींना 'तोकुसात्सु' म्हणू लागले, म्हणजे खास चित्रीकरण. त्या शैलीची सुरुवात अशी घाईतून झाली.

आता यातली खरी गंमत. भौतिकशास्त्राची आहे, पण सोपी आहे. गोजिराची उंची ठरली ५० मीटर. पोशाखातला माणूस साधारण २ मीटर. म्हणजे शहर पंचविसाव्या हिश्शात बांधायचं. घरं, पूल, विजेचे खांब, सगळं एकास पंचवीस. पण एक गोष्ट लहान करता येत नाही, ती म्हणजे गुरुत्वाकर्षण. ५० मीटरांवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. २ मीटरांवरून सुटलेला पाऊण सेकंदही घेत नाही. म्हणून खेळण्यातली इमारत पाडली की ती खेळण्यासारखीच पडते, टपकन. डोळ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. कपाट पडतं कसं आणि कडा कोसळतो कसा, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

यावर उतारा एकच, वेळ ताणायचा. उंची पंचवीस पटींनी कमी केली, तर वेळ पंचविसाच्या वर्गमुळानं, म्हणजे पाच पटींनी ताणायला हवा. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं घेईल आणि पडद्यावर ती २४च्या वेगानं दाखवली जातील, तर पुठ्ठ्याची भिंत काँक्रीटसारखी सावकाश, जडपणे खाली येईल. प्रत्यक्षात दर वेळी एवढा वेग गाठायचे असं नाही, पण तत्त्व हेच. मात्र कॅमेरा वेगानं फिरवला की प्रत्येक चित्राला प्रकाश कमी मिळतो. म्हणून दिवे वाढवायचे. दिवे वाढले की उष्णता वाढते. आणि त्या उष्णतेत, रबराच्या आत, नाकाजिमा. चित्र हळू दिसणार म्हणून त्याला हालचाल उलट जोरात करायला लागायची. गोजिराच्या श्वासानं विजेचे उंच मनोरे वितळून वाकतात ते दृश्य आजही बघण्यासारखं आहे. ते मनोरे मेणाचे होते. दिव्यांचा झोत आणि गरम हवा सोडून खरोखरच वितळवलेले. पडद्यावर जे वितळताना दिसतं ते समोर वितळत होतं, एवढं सत्य त्या खोट्यात होतंच.

आवाजाचीही तीच तऱ्हा. प्राण्यांचे आवाज मिसळून पाहिले, जमेना. शेवटी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी काँट्राबास या अगडबंब तंतुवाद्याची तार सैल केली आणि राळ लावलेल्या चामडी हातमोज्यानं घासली. तो आवाज हळू वेगात वाजवला. ती गोजिराची डरकाळी. ऐकताना त्यात राग कमी आणि कण्हणं जास्त आहे असं मला नेहमी वाटतं.

जपानी प्रेक्षकाला हे उघडं नाटकीपण खुपत नव्हतं, त्याला आणखी एक कारण आहे. त्यांच्या बुनराकू बाहुलीनाट्यात एकेक बाहुली तीन माणसं हलवतात आणि ती तिघंही रंगमंचावर ढळढळीत दिसतात. प्रेक्षक त्यांना बघतो आणि बघत नाही. कोकणातल्या दशावतारात गणपतीचा मुखवटा घातलेला नट शेजारच्या वाडीतला आहे हे ठाऊक असूनही हात जोडले जातात, तसलाच करार. पण करार व्हायचा तर पलीकडच्या बाजूला तेवढं वजनाचं काहीतरी हवं. १९५४ साली ते होतं.

१ मार्च १९५४, पहाट. प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या अडीचपट झाला, १५ मेगाटन. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या साधारण हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर 'दाइगो फुकुर्यु मारू' नावाची जपानी मासेमारी बोट होती. नावाचा अर्थ 'भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक पाच'. बोटीवर २३ माणसं. त्यांना पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड दिसला. काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडू लागली. बेटाच्या प्रवाळाचा तो भुगा होता, किरणोत्सारी. माणसांनी तो हातांनी झटकला, डेकवरून झाडून काढला. दोन आठवड्यांनी बोट याइझु बंदरात परतली तेव्हा कातडी भाजलेली होती, केस गळत होते. बातमी फुटेपर्यंत बोटीतला ट्यूना बाजारातही गेला होता. मग इतर बोटींच्या माशांतही किरणोत्सर्ग सापडू लागला, टोकियोच्या त्सुकिजी बाजारात मासे जमिनीत पुरले गेले, पावसात भिजू नका म्हणून आया पोरांना बजावू लागल्या. बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले.

'गोजिरा' प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबरला. सहा आठवड्यांच्या आत.

चित्रपट सुरूच कसा होतो बघा. समुद्रात एक बोट, डेकवर खलाशी बसलेले, एकजण गिटार वाजवतोय. अचानक पाण्यातून डोळे दिपवणारा उजेड, आणि बोट पेटते. थिएटरातल्या एकाही माणसाला हे काय आहे ते सांगायची गरज नव्हती. त्या मे महिन्यात टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत देशभरात ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या. घराघरातला विषय होता तो.

त्याच्या मागं आणखी जुनं दुखणं होतं. ९-१० मार्च १९४५च्या रात्री अमेरिकी बॉम्बफेकीत टोकियोत सुमारे १ लाख माणसं जळून मेली. त्याच्याही आधी, १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत टोकियो आणि आसपासच्या भागात १ लाखाहून जास्त. युद्धानंतर १९५२ पर्यंत देश अमेरिकी ताब्यात आणि अणुबॉम्बबद्दल मोकळेपणानं लिहिण्या-दाखवण्यावर बराच काळ बंधनं. म्हणजे जे सगळ्यांनी भोगलं ते बोलायला जागा नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक म्हणून चीनमध्ये होते. युद्ध संपल्यावर घरी परतताना ते हिरोशिमातून गेले होते. त्यांनी गोजिराचा टोकियोवरचा हल्ला चित्रित केला तो राक्षसपटासारखा नाही, हवाई हल्ल्यानंतरच्या वार्तापटासारखा. भोंगे, अंधार, पळणारी माणसं, क्षितिजापर्यंत आग.

टोकियोच्या गिन्झा भागात एका इमारतीच्या पायथ्याशी एक बाई पोरांना कवेत घेऊन बसली आहे. आग जवळ येते. ती पोरांना सांगते, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. बाबा कुठं आहेत हे १९५४ साली टोकियोत कुणाला विचारावं लागणार होतं? पुढं इस्पितळ. जमिनीवर ओळीनं माणसं. डॉक्टर एका लहान मुलीसमोर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतो, ते कटकट वाजू लागतं, आणि तो काही न बोलता मान हलवतो. भाचा इथं चकली चावायचा थांबला. "ती तर वाचली ना? मग तो मान का हलवतो?" मी चित्रपट थांबवून त्याला किरणोत्सर्ग म्हणजे काय ते सांगितलं. नंतर उरलेल्या वेळात तो एकदाही हसला नाही. पोशाख तोच होता.

शेवट तर आजच्या नजरेनं बघितला तर चमत्कारिकच. गोजिराला मारू शकेल असं एकच अस्त्र सेरिझावा नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडं आहे आणि तो ते द्यायला तयार नाही. एकदा वापरलं की सगळे देश ते मागतील, हे त्याला कळतं. शेवटी तो कबूल होतो, सगळे कागद जाळतो, समुद्राच्या तळाशी उतरून अस्त्र वापरतो आणि आपली दोरी स्वतःच कापतो, म्हणजे ज्ञानही त्याच्याबरोबर संपावं. गोजिरा मरतो. जल्लोष मात्र टिकत नाही. म्हातारे प्राध्यापक यामाने तेवढं पुटपुटतात, की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठंतरी दुसरा गोजिरा येईल. १९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट काटछाट करून, मध्ये एक अमेरिकी पत्रकार घुसवून दाखवला गेला. त्यात हे वाक्य गायब आहे आणि शेवटी धोका टळला, जगानं निश्चिंत व्हावं असा सूर आहे. जगानं वर्षानुवर्षं हीच आवृत्ती बघितली आणि म्हटलं, रबरी सरड्याचा सिनेमा.

आता शब्दाबद्दल. जपानीत या प्राण्यांना 'काइजू' म्हणतात. 'काइ' म्हणजे अनाकलनीय, विचित्र, आणि 'जू' म्हणजे पशू. आपण मराठीत सहज 'राक्षस' म्हणून मोकळे होतो, आणि तिथंच घोटाळा होतो. आपल्या राक्षसाला काहीतरी हवं असतं. तो तप करतो, वर मागतो, स्वर्ग जिंकतो, सीता पळवतो. त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला शाप देता येतो, त्याच्या मृत्यूला न्याय म्हणता येतं. काइजूला काहीच नको असतं. गोजिरा टोकियोत का आला? त्याला टोकियो नको होतं. तो बॉम्बनं जागा झाला आणि चालू लागला. त्याच्या वाटेत शहर होतं. वादळाला कुठं काय हवं असतं? काइजू म्हणजे अंगानं आलेली आपत्ती. हे एकदा ध्यानात घेतलं की चित्रपटांतल्या अनेक खटकणाऱ्या गोष्टी जागेवर बसतात. रणगाडे आणि क्षेपणास्त्रं कधीच का चालत नाहीत? कारण भूकंपावर गोळ्या झाडून काय होणार. तो मेल्यावर माणसं नाचत का नाहीत? पूर ओसरला म्हणून कोण नाचतं.

ही कल्पना सिनेमानं शून्यातून काढलेली नाही. आपल्याकडं शेषानं मान हलवली की धरणी हलते म्हणत. जपानात जमिनीखाली एक प्रचंड शिंगाळा मासा आहे असं मानत, 'नामाझू'. काशिमाचा देव त्याचं डोकं दगडाखाली दाबून ठेवतो, देवाचं लक्ष चुकलं की मासा उसळतो. १८५५ साली एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, भूकंपानं हादरलं. तो महिना सगळे देव इझुमोला जमतात असा समज असलेला. म्हणजे राखणदार बाहेरगावी आणि मासा मोकळा! काही दिवसांत या माशाची लाकडी ठशांची रंगीत चित्रं बाजारात धडाधड खपू लागली. त्यातल्या काहींत चिडलेले लोक माशाला बदडताहेत. पण काहींत सुतार, गवंडी, लाकडाचे व्यापारी त्याच माशाचे आभार मानताहेत, कारण शहर पुन्हा बांधायचं तर कामं त्यांनाच मिळणार. काहींत मासा श्रीमंतांच्या पोटातून नाणी ओकवतोय. एकच जनावर संहारकही आणि जुनं मोडून नवं आणणारंही. गोजिराला पुढं जे दुहेरी रूप आलं, त्याची मुळं मला या चित्रांत दिसतात. हे माझं मत, कुणी पटवून घ्यावं असा आग्रह नाही.

दुहेरी रूप यायला फार वर्षं लागली नाहीत. साठचं दशक, जपानच्या भरभराटीचा काळ. १९६१ मध्ये 'मोथ्रा' आली, एक महाकाय पतंग, म्हणजे फुलपाखरासारखा कीटक. तिला बेटावरच्या दोन वीतभर उंचीच्या जुळ्या बहिणी गाणं म्हणून बोलावतात. ती येते तीही कुणाला मारायला नव्हे, पळवलेल्या त्या बहिणींना परत न्यायला. तीन वर्षांपूर्वीच उभ्या राहिलेल्या टोकियो टॉवरवर ती कोश विणते. १९६२ मध्ये गोजिरा आणि किंग काँगची झुंज लागली आणि १ कोटीहून जास्त तिकिटं गेली. १९६४ मध्ये तर मोथ्राशी लढताना गोजिरा नागोयाचा किल्ला पाडतो. हा किल्ला १९४५च्या बॉम्बहल्ल्यात खरोखर जळला होता आणि १९५९ मध्ये पुन्हा बांधला होता. पाच वर्षांनी लोक पैसे देऊन तो पुन्हा पडताना बघायला जातात आणि टाळ्या वाजवतात! मला यात निर्दयपणा दिसत नाही. आपलं शहर पडद्यावर पाडण्याजोगं झालं, ही एक प्रकारची सुबत्ता आहे. आणि चित्रपट संपून बाहेर आल्यावर किल्ला जागच्या जागी असतो.

मग टीव्ही घरोघरी आला, बजेटं आटली, गोजिरा लहान मुलांचा दोस्त झाला, त्याला पोरगंही झालं. कट्टर चाहते या काळाला हसतात. त्यांना हसू द्यावं. याच काळात, १९७१ मध्ये, 'हेडोरा' आला. जपानीत 'हेडोरो' म्हणजे गाळ. कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेला, धुरांड्यांना तोंड लावून धूर ओढणारा गाळाचा ढीग. मिनामाता गावातली पाऱ्याची विषबाधा आणि योक्काइची शहरात कारखान्यांच्या धुरानं जडणारा दमा तेव्हा जपानी वर्तमानपत्रांत रोज होता. चित्रपट विक्षिप्त आहे, मध्येच गोजिरा तोंडातल्या झोताच्या जोरावर उलटा उडतो, बघवत नाही. पण पोरांच्या सिनेमात घशाखालून न उतरणारा विषय घालायची खोड गेली नव्हती, हे नक्की. १९७५ला तिकिटं दहा लाखांच्याही खाली आली आणि मालिका नऊ वर्षं थंडावली.

आपल्याकडं माझ्या वयाच्या मंडळींना हे जग गोजिरामुळं नाही, दूरदर्शनमुळं भेटलं. ऐंशीच्या दशकात 'जायंट रोबो' लागायचं. एक मुलगा मनगटी घड्याळात बोलतो आणि आभाळाएवढा यंत्रमानव येऊन दर आठवड्याला नव्या अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजतो. ती १९६७-६८ची जपानी मालिका होती हे मला पुढं पंचवीस वर्षांनी कळलं. तोवर आमच्या वाड्यात निम्मी पोरं बंद पडलेल्या घड्याळात तोंड घालून बोलत असायची. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, हिंदीत 'गोगोला' नावाचा समुद्री प्राण्याचा चित्रपट येऊन गेला होता. नावावरूनच प्रेरणा कळते.

१९९८ साली हॉलिवूडनं आपला गोजिरा काढला. तोही पाहिला होता, डॉल्बी आवाजात. तांत्रिकदृष्ट्या चकचकीत. पण तो प्राणी न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून पळतो, लपतो, अंडी घालतो आणि शेवटी क्षेपणास्त्रांनी मरतो. म्हणजे ती शिकार झाली. जपानी चाहत्यांना तो पटला नाही, आणि तोहोनं २००४च्या चित्रपटात त्याच्यासारखा एक प्राणी आणून गोजिराकडून सिडनीत काही सेकंदांत उडवला. २०१४च्या अमेरिकी चित्रपटात गोजिराला त्याची भव्यता परत मिळाली, पण पन्नासच्या दशकातल्या त्या अणुचाचण्या मुळात त्याला मारण्यासाठी होत्या, असं तिथं सांगितलं आहे. ज्यातून तो जन्मला तेच औषध ठरवून टाकलं.

खरा गोजिरा परतला २०१६ मध्ये, 'शिन गोजिरा'त. मध्ये ११ मार्च २०११ होऊन गेला होता. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुभट्टी. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी राक्षसपट म्हणून जे बनवलं त्यातला निम्म्याहून जास्त भाग बैठका आहेत. मंत्री बसतात, अधिकारी फायली पुढं सरकवतात, कुठल्या कायद्याखाली काय करता येईल यावर खल होतो, मग सगळे उठून दुसऱ्या खोलीत जाऊन तीच बैठक पुन्हा घेतात. पंतप्रधान टीव्हीवर सांगतात की प्राणी जमिनीवर येण्याची शक्यता नाही, आणि तो तेव्हाच जमिनीवर आलेला असतो. सरकारी कार्यालयात ज्यानं एखादा तरी कागद पुढं सरकवला आहे त्याला हे बघताना हसू आणि कापरं एकदमच येईल. हेलिकॉप्टरं गोळीबाराला सज्ज होतात, तेवढ्यात कुणीतरी एका म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घेऊन रेल्वे फाटक ओलांडताना दिसतं, आणि हल्ला थांबतो. हा प्रसंग मला त्यातल्या सगळ्या विध्वंसापेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

शेवटी गोजिराला थोपवतात ते लांब सोंडेच्या काँक्रीट पंपांच्या ट्रकांनी. त्याच्या तोंडात रक्त गोठवणारं द्रावण ओततात. फुकुशिमात तापलेल्या इंधनाच्या टाक्यांवर पाणी मारायला असलेच पंप आणले होते. जपानी प्रेक्षकानं ते ट्रक पाच वर्षांपूर्वी रोज बातम्यांत पाहिले होते. आणि गोजिरा मरत नाही. टोकियोच्या मधोमध गोठून उभा राहतो. त्याच्यासकट जगायचं, कधी हलेल सांगता येत नाही. बंद अणुभट्टीचं याहून नेमकं चित्र मी तरी पाहिलेलं नाही.

मग ३ नोव्हेंबर २०२३, मूळ चित्रपटाचीच तारीख, 'गॉडझिला मायनस वन'. या वेळी कथा मागं जाते, १९४५ ते ४७. नायक आत्मघातकी वैमानिक, जो मरायला गेला आणि मेला नाही. सरकार हतबल, सैन्य बरखास्त. गोजिराला तोंड द्यायला जमतात ते नौदलातून घरी परतलेले साधे लोक. त्यांचा म्होरक्या आधीच सांगतो, या देशानं माणसाचा जीव फार स्वस्त केला होता, आता कुणी मरायचं नाही. सेरिझावानं दोरी कापली होती. सत्तर वर्षांनी त्याच मालिकेनं त्याला दिलेलं हे उत्तर आहे असं मी समजतो. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीच दृश्य-करामतींचीही धुरा सांभाळली. सुमारे ३५ जणांच्या चमूनं ६१० शॉट केले, हॉलिवूडच्या मानानं चिल्लर पैशांत. ऑस्कर मिळालं ते याच कामाला. त्यातला समुद्र खरा वाटतो, आणि गोजिरा संगणकावरचा असला तरी मुद्दाम थोडा ताठ चालतो, आत माणूस असल्यासारखा.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर १९५४चा, तोही जपानी, उपशीर्षकांसह. मग थेट 'शिन गोजिरा', मग 'मायनस वन'. मधले मनाला येईल तसे. 'मोथ्रा' पोरांबरोबर बघावा.

भाचा मात्र एवढं सगळं बघेपर्यंत थांबणारा नव्हता. भाऊबीज झाल्यावर अंगणातला किल्ला मोडायचाच होता. त्यानं आधी महाराज आणि मावळे उचलून ओट्यावर नीट लावून ठेवले. मग माझा काळा रेनकोट अंगात चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली, मागं शेपटी म्हणून गुंडाळलेली सतरंजी बांधली. माझ्या हातात फोन देऊन म्हणाला, स्लो मोशनवर ठेव, एकशेवीसवर. किल्ला दोन फूटच होता, म्हणजे हिशेबानं आणखी ताणायला हवं होतं, पण मी काही बोललो नाही. जमिनीवर आडवा पडून, बुरुजाच्या उंचीवर कॅमेरा धरला. पहिल्या पावलात तटबंदी गेली. दुसऱ्यात बालेकिल्ला. फोनवर बघितलं तर माती खरंच कडा कोसळावा तशी, ढगासारखी उसळत खाली येत होती.

"परत एकदा घ्यायचं का?" मी विचारलं.

रेनकोटच्या आतून आवाज आला, "थांब जरा मामा. आत काही दिसत नाही. आणि भयंकर उकडतंय."